आडवाटेचे चाक : प्रस्तावना

मराठी मुलखात स्केटिंग रुजले ते गुळगुळीत फरशीवर. पुण्यात राजू दाभाडे यांनी २००३ साली रोलबॉल हा खेळ घडवला, २०११ मध्ये त्याचा पहिला विश्वचषक पुण्यातच भरला आणि २०२३ साली गोव्यात झालेल्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत त्याला स्थान मिळाले. बेळगावच्या शिवगंगा क्लबची मुले रिंकवर विक्रम करत आली आहेत. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३,००० मीटर रिलेचे कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय पुरुष संघात सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. या साऱ्या यशात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पायाखालची जमीन सपाट, कडक आणि कोरडी आहे.

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात अशी जमीन शोधावी लागते. तिथल्या मांद्रे गावात पश्चिमेला रुंद पुळण, तिच्यामागे किनाऱ्याला समांतर वाहणारे खाडीचे पाणी, मग माडांची भाटे, शेते, आणि पूर्वेकडे वर गेले की जांभ्याचे सडे. अर्ध्या तासाच्या चालीत पायाखालची जमीन चार वेळा बदलते. जूनमध्ये पाऊस लागला की तीच जमीन पुन्हा नव्याने बदलते. इथल्या मुलाला स्केट्स घेऊन दिले तर तो ते अंगणात, शाळेच्या सभागृहात किंवा डांबरी रस्त्याच्या कडेला वापरतो, आणि डांबराची कड संपली की थांबतो. हा खेळ जिथे थांबतो तिथून पुढच्या चाकाचा विचार या पुस्तकात केला आहे. चाकाचा आकार, त्याची धाव, तिच्यातली हवा हे सारे जमिनीने ठरवायचे असते, कारखान्याच्या यादीने नव्हे, हे या पुस्तकाचे म्हणणे आहे आणि ते मला पूर्णपणे पटते.

स्केट्सचा इतिहास बहुतेक ठिकाणी खेळाडूंचा किंवा बुटांचा म्हणून सांगितला जातो. चाकाच्या बाजूने पाहिले तर तो वेगळा दिसतो. अमेरिकेत जेम्स प्लिम्प्टन यांनी १८६३ साली चार चाकी स्केटचे पेटंट घेतले. पाय कलता करताच रबराच्या उशा दबून चाके वळतात, ही त्यांची कल्पना आजच्या क्वाड स्केटमध्ये तशीच आहे. पण ती चाके लहान आणि कठीण होती, कारण ती लाकडी फरशीसाठी होती. तिकडे रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले होते. ते विस्मरणात गेले, आणि १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच गोष्ट पुन्हा शोधली. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच लंडनमध्ये ‘रिटर रोड स्केट’ विकले जाऊ लागले. त्याला सायकलीसारखी दोन मोठी चाके आणि त्यांवर रबर होते. म्हणजे रस्त्यावरच्या आणि रस्त्याबाहेरच्या स्केटची कल्पना शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. ती मागे पडली, कारण शहरांतले रस्ते सुधारत गेले आणि लहान चाकाने भागू लागले.

दुसरे मोठे वळण रसायनाचे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यांनी अमेरिकेत पॉलियुरेथेनची चाके स्केटबोर्डसाठी विकायला काढली. तोवर लोखंडी किंवा मातीमिश्रित चाक एखाद्या खड्याला लागले की जागीच अडत असे आणि स्वार पुढे फेकला जाई. पॉलियुरेथेन दबते, पकडते आणि झिजतेही हळू. १९८० मध्ये स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन या भावांनी मिनेसोटात सुरू केलेल्या व्यवसायातून रोलरब्लेडचा जन्म झाला आणि एका ओळीतली चाके जगभर गेली. त्याच कंपनीने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘कोयोटी’ नावाचा स्केट काढला, त्याला हवा भरलेली तीन मोठी चाके होती. तो फार काळ टिकला नाही. पण पुढे युरोपात ‘स्काइक’ आणि ‘पॉवरस्लाइड’ या कंपन्यांनी १५० मि.मी. व्यासाची हवेची चाके रूढ केली, तर अमेरिकेत जेनेक्स कंपनीने तशीच चाके बर्फाबाहेर सराव करणाऱ्या स्कीपटूंसाठी वापरली. आजचे बहुतेक आडवाटेचे स्केट्स या शाखेचे वंशज आहेत.

आता जरा घराजवळचा इतिहास. स्केटच्या पुस्तकात तो कोणी लिहीत नाही, म्हणून इथे थोडा थांबतो. खराब जमिनीवर जड ओझे नेणारे चाक बनवण्याची विद्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. बैलगाडीचे चाक करणारा सुतार तुंबा, आरे आणि आख यांची मापे गावच्या वाटेवरून ठरवत असे. चिखलाच्या मुलखातले चाक आणि दगडाच्या मुलखातले चाक एकसारखे नसे. लोखंडी धाव तापवून बसवली की थंड होताना ती सगळे चाक आवळून धरते, हे त्याला पुस्तकाशिवाय ठाऊक होते. पुढे हवेचे टायर बैलगाडीला आले. कोल्हापूर-सांगलीकडे ऊस वाहणाऱ्या टायरगाड्या आजही साखर कारखान्यांच्या आवारात रांगा लावून उभ्या दिसतात. लोखंडी धावेच्या गाडीने मऊ वाटेत चाकोऱ्या पडत, टायरगाडी तेच ओझे रुंद जागेवर पसरते आणि बैलाचे कष्ट कमी होतात. बंगळूरच्या आयआयएममधील एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेवर आयुष्याची कितीतरी वर्षे घालवली. तो विषय त्या काळी अनेकांना क्षुल्लक वाटला असेल. माझ्या मते, कमी शक्तीत खराब जमिनीवरून पुढे कसे जायचे या प्रश्नावर या देशात झालेले ते महत्त्वाचे काम आहे, आणि स्केटचा प्रश्नही नेमका तोच आहे. फरक एवढाच की इथे ओढणारा आणि ओझे एकच माणूस आहे.

खराब जमिनीवरून जाण्याच्या शास्त्राला जगात पाया घालून दिला तो एम. जी. बेकर यांनी. १९५६ साली त्यांचे जमिनीवरील वाहनांच्या गतीविषयीचे पुस्तक आले. चाक मातीत किती रुतेल, रुतल्यावर किती अडेल, याचे गणित त्यांनी मांडले. त्यातला एक निष्कर्ष स्केट बनवणाऱ्याने मनावर कोरून घ्यावा. मऊ जमिनीवर चाक नुसते रुंद करून जेवढा फायदा होतो, त्याहून अधिक फायदा ते मोठे करून, म्हणजे जमिनीशी त्याचा स्पर्श लांबट करून होतो. पंधरा वर्षांनी, १९७१ मध्ये, अपोलो १५ च्या अवकाशवीरांनी चंद्रावर जी गाडी चालवली तिच्या चाकांच्या कामात बेकर होते. तिथे रबरही नव्हते आणि हवाही नव्हती, पोलादी तारांचे विणलेले चाक होते. जमीन वेगळी, म्हणून चाक वेगळे.

नवख्या वाचकासाठी एक साधे गणित. १० मि.मी. उंचीचा खडा वाटेत आहे आणि चाक कठीण आहे असे धरू. त्यावर हळू चढायला चाकावरच्या वजनाच्या किती पट जोर आडवा लावावा लागेल? ६२ मि.मी.च्या क्वाड चाकाला वजनाहूनही जास्त, सुमारे १०९ टक्के. ८० मि.मी.च्या इनलाइन चाकाला ८८ टक्के. १५० मि.मी.ला ५८ आणि २०० मि.मी.ला ४८. रिंकवरची मुलगी अंगणात पाय टाकताच का पडते, याचे उत्तर या चार आकड्यांत आहे. शिवाय चढणीचा फायदा ६२ वरून १५० पर्यंत जाताना प्रचंड होतो, १५० वरून २०० ला जाताना बराच कमी. त्यामुळे चाक वाढवत राहणे हा उपाय नाही.

कारण चाक वाढले की पाय उंच जातो. २०० मि.मी.चे चाक तळव्याखाली बसवले तर माणूस वीतभर उंचीवर उभा राहतो आणि घोटा साथ देत नाही. म्हणून मोठ्या चाकांच्या स्केटमध्ये पाऊल दोन चाकांच्या मधे खाली टांगतात. मग लांबी वाढते. ३० सें.मी.चे पाऊल आणि १५० मि.मी.ची चाके म्हटली की दोन आखांमध्ये किमान ४५ सें.मी. अंतर येते, शर्यतीच्या स्केटमध्ये ते सुमारे ३३ असते. लांब स्केट सरळ वाटेवर स्थिर, पण माडांमधून वळताना हट्टी. या एका पेचातून आजचे सगळे पंथ निघाले आहेत. दोन मोठी चाके आणि मधे टांगलेले पाऊल हा युरोपीय पंथ दूरच्या कच्च्या रस्त्यांसाठी उत्तम आहे. तीन मध्यम चाकांचा पंथ वळणात बरा, खड्ड्यात तितकासा नाही. चार हवेच्या चाकांचा, डोंगरउतारावरच्या बोर्डांकडून आलेला पंथ स्थिर आहे, पण जड. आणि क्वाडवर ७८ए सारख्या कमी कठीणपणाची रुंद पॉलियुरेथेन चाके लावणारा मोठा वर्ग आहे. तो स्वतःला ऑफ-रोड म्हणवतो, पण माझ्या मते तो खराब डांबराचा पंथ आहे. सुट्या खडीवर त्याचे काही चालत नाही. बिनहवेच्या, जाळीदार पोटाच्या चाकांचाही एक नवा प्रयत्न आहे. मिशेलिनने २००५ मध्ये ‘ट्वील’ दाखवल्यापासून त्याची चर्चा चालू आहे. पंक्चर नाही हा त्याचा मोठा गुण, पण जाळीत वाळू आणि चिखल भरतो, आणि पावसाळी मुलखात तो दोष लहान नाही.

या सगळ्या पंथांना बांधणारी एक अडचण आहे, आणि पुस्तकाचा गाभा मला तिथे दिसतो. स्केटचे चाक सायकलीच्या किंवा बाबागाडीच्या चाकासारखे नुसते पुढे जात नाही. स्केट करणारा पाय बाहेर ढकलतो, आणि तो रेटा चाकाच्या बाजूवर येतो. प्रत्येक पावलाला टायर कलतो आणि आडवा दाबला जातो. बाजारातले स्वस्त टायर, हातगाडीचे असोत की खेळण्यातल्या गाडीचे, उभा भार सहज सोसतात. आडवा जोर आला की त्यांची बाजू वाकते, टायर रिमवर डोलतो आणि माणसाची अर्धी मेहनत रबर मळण्यात जाते. म्हणून स्केटच्या टायरची बाजू ताठ हवी आणि माथा गोल हवा, म्हणजे कललेल्या अवस्थेतही स्पर्श पुरेसा राहील. पण बाजू ताठ केली की टायर खडा पचवत नाही.

हवेच्या दाबाचे तसेच. ७० किलोचा माणूस एका पायावर सरकत असताना दोन चाकांपैकी प्रत्येकावर ३५ किलो येतात. ९० पीएसआय हवा असेल तर टायरचा जमिनीशी स्पर्श ढोबळमानाने साडेपाच चौरस सें.मी. असतो. ३० पीएसआय केली तर सुमारे १७. वाळूत आपल्याला १७ च हवेत. पण अडीच सें.मी. रुंदीच्या स्पर्शाला तेवढे क्षेत्र हवे तर स्पर्श साडेसहा सें.मी. लांब व्हावा लागतो, आणि त्यासाठी १५० मि.मी.चा टायर सुमारे ८ मि.मी. दबावा लागतो. एवढ्या बारीक टायरात त्यापुढे दबायला फारशी जागा उरत नाही. एक टोकदार चिरा लागला की ट्यूब रिमखाली चिमटली गेलीच. मोटारीवाले पुळणीवर हवा कमी करतात, तो उपाय इथे जसाच्या तसा चालत नाही, याचे कारण हे आहे.

आता मांद्र्याची जमीन घेऊ. कोरडी वाळू सोडून द्या, तिच्यावर माणसाच्या जोराने चालणारे स्केटचे चाक अजून कोणी बनवलेले मला ठाऊक नाही. ओहोटीनंतरची ओली वाळू मात्र वेगळी. दोन कणांमधले पाणी त्यांना बांधून धरते आणि तो पट्टा काही काळ चांगला कडक राहतो. तिथे गुळगुळीत, फुगीर टायर हवा. गाठींचा टायर वाळू उकरतो. सड्यावर उलट. उघडा पडून कठीण झालेला जांभा खडबडीत आणि भोकाभोकांचा असतो, त्याची पकड कोरड्यात उत्तम. पण त्याच्यावर सुटे गोल तांबडे खडे पसरलेले असतात आणि वळताना पायाखाली छर्रे ओतल्यासारखे होते. तिथे गाठींचाही उपयोग नाही, कारण रुतायला माती नाही. तिथे रुंद, मऊ रबराचा, उथळ रेघांचा टायर लागतो. पावसाळ्यात त्याच जांभ्यावर शेवाळ धरते, आणि गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मि.मी. पाऊस पडतो. शेवाळावर चालेल असे रबर नाही. जून ते सप्टेंबर सडा वर्ज्य, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

चाकाच्या आतल्या गोष्टीकडेही लक्ष द्यायला हवे. स्केटमध्ये जगभर ६०८ क्रमांकाचे बेअरिंग वापरतात. आतला व्यास ८, बाहेरचा २२, रुंदी ७ मि.मी. ते कोरड्या फरशीवर वर्षानुवर्षे टिकते. समुद्राची खारी हवा आणि तांबडी धूळ यांना ते तोंड देऊ शकत नाही. डिचोलीच्या खाण भागातल्या रस्त्यांवरची धूळ तर इतकी बारीक की पत्र्याच्या झाकणाच्या फटीतून सहज आत शिरते आणि ग्रीसमध्ये मिसळून घासत बसते. रबरी सील दोन्ही बाजूंनी असलेले बेअरिंग घेतले तर चाक थोडे जड फिरते, पण फिरते. वेगाचे वेड असलेल्यांना हा तोटा वाटतो. आडवाटेवर बेअरिंगचा तेवढा अडथळा वाळूच्या अडथळ्यापुढे नगण्य आहे.

ब्रेकबद्दल थोडक्यात. टाचेची रबरी गोटी मोठ्या चाकांच्या स्केटवर जमिनीला लागत नाही. स्काइकने पोटरी मागे रेटली की मागच्या टायरवर दाब येईल अशी सोय केली. ती चांगली आहे, पण चिखलात टायर निसटतो आणि उतारावर रबर झपाट्याने झिजते. उताराच्या मुलखात ब्रेक ठरवल्याशिवाय चाक ठरवू नये.

हे सगळे आत्ताच का? एक कारण उद्योगाचे आहे. फोंड्याजवळ उसगावला एमआरएफचा टायर कारखाना १९७०च्या दशकापासून आहे. वाळूजमध्ये बाळकृष्ण इंडस्ट्रीज शेती आणि खाणकामाच्या यंत्रांचे टायर बनवून युरोपला पाठवते. सिंधुदुर्गात, गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या दोडामार्गात रबराच्या बागा उभ्या आहेत. कच्चा माल इथे, साचे इथे, खराब जमिनीसाठी टायर बनवण्याचे ज्ञान इथे. आणि आपल्या वाटेवर चालणारे स्केटचे चाक मात्र बाहेरून, थंड प्रदेशातल्या जंगलवाटांसाठी केलेले येते. मला हे खटकते.

दुसरे कारण अधिक मोठे आहे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत दिव्यांग व्यक्तींसाठी पर्पल फेस्ट भरला आणि गोव्याचे किनारे सर्वांना खुले कसे होतील हा प्रश्न ऐरणीवर आला. पुळणीवर व्हीलचेअर नेणे म्हणजे कमी जोरात, कमी दाबाच्या चाकाने वाळू ओलांडणे. स्केटचे चाक आणि व्हीलचेअरचे चाक यांचे गणित सख्खे आहे. स्केटसाठी मोजलेला प्रत्येक आकडा तिथे उपयोगी पडेल. खेळाच्या पुस्तकाला एवढे महत्त्व कशाला, असे विचारणाऱ्यांना माझे हे उत्तर आहे.

एक जबाबदारीही आहे. मोरजी आणि मांद्र्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालायला येतात. वाळूच्या टेकाडांना मर्यादवेल धरून ठेवते. चाक कितीही हलके असले तरी टेकाडावर नेऊ नये, कासवांच्या हंगामात रात्री पुळणीवर उतरू नये, आणि वन खात्याने राखलेल्या जागेच्या जवळही जाऊ नये. भरतीने धुतला जाणारा ओला पट्टा एवढीच आपली हद्द. नवी वाट शोधणाऱ्याने जमिनीची ही बाजूही शिकली पाहिजे.

या पुस्तकाचा प्रयत्न मर्यादित आहे. ते कोणता स्केट विकत घ्यावा हे सांगत नाही, आणि तयार आराखडा हातात देऊन मोकळे होत नाही. जमीन कशी तपासावी, तिच्यावरून व्यास, रुंदी, दाब, रबराचा कठीणपणा आणि टायरच्या बाजूचा ताठपणा कसा ठरवावा, लेथवर तुंबा कसा कातावा, गावातल्या सायकलवाल्याच्या आणि टायरवाल्याच्या मदतीने काय करता येते आणि काय कारखान्यावरच सोडावे, याची शिस्त ते लावते. गणित मराठीत आहे आणि दहावीपर्यंत शिकलेल्याला झेपेल असे आहे. आयटीआयच्या विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग विशेष होईल. ज्यांना फक्त खेळायचे आहे त्यांनी जमिनीविषयीचा भाग आधी वाचावा, आणि हेल्मेट, मनगट-पट्टे, गुडघ्याचे पॅड याविषयीची पाने वगळू नयेत.

वाचकांना एक विनंती आहे. तुम्ही मांद्र्यात असा, देवगडच्या कातळावर, साताऱ्याच्या पठारावर की विदर्भाच्या काळ्या मातीत, चाक लावून पाहाल तेव्हा चार गोष्टी लिहून ठेवा. आपले वजन, चाकाचा व्यास, टायरमधली हवा आणि जमिनीचा प्रकार, कोरडी होती की ओली यासह. चाक कुठे अडले आणि टायर कशाने फाटला, हेही लिहा. फसलेल्या प्रयोगाची नोंद तर अधिकच हवी आहे. त्या नोंदी प्रकाशकांकडे पाठवा. पुढच्या आवृत्तीत त्या गावाच्या नावासह छापल्या जातील.